गोधडीला टीकाकार हवा

मराठीत गोधडीला भाट पुष्कळ मिळाले. टीकाकार मात्र अजून मिळायचा आहे. शाळेच्या निबंधात, स्नेहसंमेलनाच्या भाषणात, मोठ्या झालेल्या माणसांच्या आठवणींत आणि दिवाळी अंकांच्या पानांवर गोधडी आली की तिच्या पाठोपाठ 'मायेची ऊब' हे दोन शब्द ठरल्याप्रमाणे येतात. ह्या दोन शब्दांनी गोधडीचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे कसरीनेही केले नसेल. कसर निदान कापडापर्यंत पोहोचते. ही स्तुती कापडापर्यंत पोहोचतच नाही. ज्या वस्तूकडे न पाहताही तिची वाखाणणी करता येते, त्या वस्तूची वाखाणणी तिच्याविषयी काहीच सांगत नसते.

हे आताच सांगण्याचे कारण असे की, गोधडी ही अलीकडे दिवाळीत विकत घेऊन द्यायची भेट झाली आहे. पुण्याच्या प्रदर्शनांतून ती मांडलेली दिसते, आणि आमच्या राजगुरुनगरातही, ज्याला जुनी माणसे अजून खेडच म्हणतात, पारदर्शक पिशवीत घडी करून, वर फीत बांधून ती भेट म्हणून घरी येते. भाऊबिजेला बहिणीला, पाडव्याला सासुरवाडीला, नव्या बाळाला दुपटे म्हणून ती दिली जाते. पिशवीवर चिठ्ठी असते : हाताने शिवलेली. म्हणजे आता कोणीतरी शिवतो, कोणीतरी विकतो, कोणीतरी घेतो आणि कोणीतरी पांघरतो. इतके हात जिथे आले तिथे बरे-वाईट ठरवण्याची गरज पडते. आईने शिवलेल्या गोधडीला कोणी वाईट म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु बाजारातल्या गोधडीला ती सवलत आपोआप मिळावी, ह्याला काही कारण नाही.

तेव्हा प्रथम वस्तू पाहू. गोधडी म्हणजे थर आणि टाका. जुने नऊवारी लुगडे नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांब. ते सगळे एकदम फाटत नाही. बसण्याउठण्याच्या जागी ते विरते. काठ आणि पदर मागे टिकून राहतात. शिवणारी बाई प्रथम हे विरलेले आणि टिकलेले वेगळे करते. विरलेले मऊ कापड आतल्या थरांना, धड कापड वरच्या आणि खालच्या अंगाला, आणि काठ गोटासाठी. हा निवाडा तिला कोणी शिकवलेला नसतो. आणि येथेच पहिली परीक्षा होते. नंतर थर जमिनीवर अंथरून, सुरकुत्या हाताने सारून, कोपऱ्यांवर काहीतरी वजन ठेवून कच्चा दोरा घालायचा. मग धावदोरा. कोणी सरळ ओळी घालतात. कोणी काठापासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालीत मध्यापर्यंत येतात. ह्या दुसऱ्या रीतीत कापडातला ढिलेपणा टाक्यागणिक आत सरकत जातो. हात सारखा नसेल तर तो सगळा ढिलेपणा शेवटी मध्यभागी गोळा होतो, आणि तेथे एक झोळ उठतो. तो झोळ मागाहून निघत नाही. म्हणून गोधडी पाहायची तर ती घडी उलगडून जमिनीवर पसरावी आणि आधी तिचा मध्य पाहावा. काठ कोणालाही साधतो.

दुसरी परीक्षा पाठीमागच्या अंगाची. वरून टाका सारखा दिसतो, पण दाभण किंवा जाड सुई इतक्या थरांतून खाली उतरताना वाकडी गेली असेल तर मागचा टाका कुठे आखूड, कुठे लांब पडतो. लांब टाक्यात बाळाचे बोट अडकते आणि दोरा तुटतो. तिसरी परीक्षा धुण्याची. टाके फार दाट घातले तर गोधडी टिकते, पण घोंगडीसारखी ताठ होते. विरळ घातले तर मऊ राहते, पण दोन-चार धुण्यांत आतले थर सरकून गोळे होतात. नीट शिवलेली गोधडी पहिल्या धुण्यानंतर किंचित आक्रसते आणि टाक्यांच्या दोन ओळींमध्ये बारीक लाटा उठतात. त्या लाटांत आणि थरांमध्ये हवा कोंडून राहते. आपण जिला ऊब म्हणतो ती मुख्यतः हीच. तिच्यात माया असेल; पण ती ओळींच्या अंतरातून प्रकट होते, आणि अंतर चुकले तर माया असूनही थंडी वाजते.

एवढे पाहिल्यावर गोधडीच्या सौंदर्याकडे वळता येईल. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सौंदर्याची उपपत्ती लयतत्त्वांवर उभी केली : संवाद, विरोध आणि समतोल. त्यांच्या ह्या तत्त्वांची कसोटी आपण कवितेवर, चित्रावर, संगीतावर पुष्कळ लावली. अंथरुणावर लावली नाही. लावली तर ती किती चपखल बसते ह्याचे नवल वाटते. हिरव्या लुगड्याच्या तुकड्याशेजारी थोडा गडद हिरवा तुकडा येतो, तो संवाद. त्यांच्यामध्येच धोतराचा पांढरा किंवा चोळीच्या खणाचा लाल तुकडा येतो, तो विरोध. आणि एका कोपऱ्यातल्या लालाला दुसऱ्या कोपऱ्यात कुठेतरी उत्तर मिळते, तो समतोल. शिवणारणीजवळ लाल कापड किती शिल्लक आहे हे तिच्या हातात नसते. ते कुठे ठेवायचे एवढेच तिच्या हातात असते. चित्रकाराला रंग संपला तर तो दुसरी नळी आणू शकतो. येथे तुटवडा हाच रचनेचा भाग आहे. मर्यादित अक्षरांत वृत्त सांभाळणाऱ्या कवीला ही अडचण चटकन कळेल.

परंतु मर्ढेकरांच्या तत्त्वांनी गोधडीचे सगळे सौंदर्य हाती येत नाही, आणि ते का येत नाही हे पाहण्यासारखे आहे. ती तत्त्वे रंगारंगांतले, आकाराआकारांतले संबंध पाहतात. तुकडा कुणाच्या अंगावरचा होता हे त्यांच्या दृष्टीने अप्रस्तुत आहे. घरात पांघरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तीच पहिली गोष्ट आहे. हा आजीच्या लुगड्याचा, हा काकांच्या सदऱ्याचा, हा शाळेच्या गणवेशाचा, अशी गोधडी वाचता येते. येथे एक गुण असा आहे की ज्याला मी ओळख म्हणतो. हा गुण डोळ्यांना दिसत नाही, तरी तो वस्तूत असतो. कारण तो तुकडा काढून तसाच दिसणारा दुकानातला तुकडा लावला तर दिसण्यात काही फरक पडणार नाही, पण घरातल्यांसाठी गोधडी बदलून जाईल. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या नावांशी जोडला गेलेला वाद गोधडीसमोर निरुपयोगी ठरतो. ती पायांवर घेण्यासाठीच केलेली असते, आणि तरीही लाल तुकडा कुठे जावा ह्यासाठी तिने कोणाची तरी एक दुपार घेतलेली असते.

आता त्या 'मायेच्या उबे'कडे येऊ. भावनेला माझा विरोध नाही. भावनेखालचे कापड काढून घेण्याला आहे. ह्यासाठी आपल्या घराघरांतले पुस्तक घेऊ : साने गुरुजींची 'श्यामची आई'. त्यात दिवाळीचे एक प्रकरण आहे. वडिलांचे धोतर फाटलेले आहे, आणि भावाकडून आलेली भाऊबीज आई स्वतःसाठी न खर्चता वडिलांच्या नव्या धोतरासाठी देते. हे प्रकरण वाचून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या रडल्या. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहून पुन्हा रडल्या. गुरुजींवर भाबडेपणाचा आरोप पुष्कळांनी केला आहे. पण ह्या प्रकरणात गुरुजी भाबडे नाहीत. धोतर फाटले आहे हे ते लपवीत नाहीत. घरात पैसा नाही, देणाऱ्या बाईला तिच्या हक्काची म्हणून मिळालेली वर्षातली एकच रक्कम तिने दिली, हा सगळा हिशेब त्यांनी वाचकासमोर ठेवला आहे. अश्रू त्या हिशेबातून येतात. गुरुजींच्या मागून आलेल्या लेखकांनी अश्रू ठेवले आणि हिशेब काढून टाकला. त्यांच्या लेखनात गोधडी असते. ती का शिवावी लागली हे नसते. रॉकेलच्या चिमणीपुढे सुई ओवताना बारीक झालेले डोळे नसतात, दाभणाने भोके पडलेले बोट नसते, आणि दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला विसाव्याच्या वेळी हे काम करावे लागले ही गोष्ट तर मुळीच नसते. माया होती, पण गरज तिच्या आधी होती. दुकानातले पांघरूण परवडत असते तर त्या घरातल्या मायेने कदाचित दुसरे रूप घेतले असते, आणि त्या बाईने दोन घटका अधिक झोप घेतली असती.

चिंधीला आपण आणखी एका मार्गाने मोठेपण दिले : वैराग्याच्या. गाडगेमहाराजांना लोक गोधडेबुवाही म्हणत, कारण ते चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घालीत. ते वस्त्र हा त्यांचा निश्चय होता, समाजाला दिलेले उत्तर होते. नामदेवांचे कूळ शिंप्याचे. सुई-दोरा त्यांच्या घरचा. ह्या परंपरेमुळे ठिगळ आपल्या मनात पवित्र झाले. तथापि चिंधी निवडणे आणि चिंधी वाट्याला येणे ह्यांत अंतर आहे. संताने निवडलेल्या चिंधीचे तेज आपण वाट्याला आलेल्या चिंधीवर टाकतो आणि आपली टोचणी कमी करून घेतो. टीकेचे पहिले काम हे अंतर दाखवण्याचे आहे.

दुसऱ्या प्रांतांनी काय केले हे पाहणे उपयोगाचे होईल. बंगालमध्ये आपल्या गोधडीची बहीण आहे, कांथा. तिथेही जुन्या साड्या, धोतरे आणि धावदोरा. १९२९ साली जसीमुद्दीनांनी आपल्या काव्याच्या नावातच नक्षी कांथेला जागा दिली. गुरुसदय दत्तांनी खेड्यापाड्यांतून कांथा गोळा केल्या. कलकत्त्याजवळ जोका येथील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात त्या ठेवल्या गेल्या. १९३९ साली स्टेला क्रॅमरिश ह्या कलासमीक्षक बाईंनी कांथेवर लेख लिहिला, ज्या दृष्टीने त्या मंदिराच्या शिल्पाकडे पाहत त्याच दृष्टीने. त्या संग्रहातील एका कांथेवर मानदासुंदरी नावाच्या बाईने, ही वडिलांसाठी शिवली, असे टाक्यांनीच लिहून ठेवले आहे. भेट देणारीचे नाव भेटीवर आहे. आपल्याकडे असे किती दाखवता येतील?

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे लहान गाव आहे. तेथील बायका शेतातल्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि मोठमोठ्या टीकाकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. एवढा सन्मान झाल्यावर २००७ साली त्यांतल्या काही बायका, आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून, कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी ते दावे मिटले. ह्या गोष्टीतून मी असे घेतो की, भिंतीवर टांगल्याने गोधडीला टीकाकार मिळतो; पण शिवणारीला न्याय मिळतोच असे नाही. टीकेने दोन्हींकडे पाहिले पाहिजे. आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. काठाकडून मध्याकडे येणारी हीच रीत. आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. तरी ती हवीत. गरिबीत कला नसते असे मानणाऱ्यांनी हे चार कोपरे ध्यानात ठेवावेत.

आता आमच्या तालुक्याकडे. खेड तालुका पश्चिमेला भीमाशंकरच्या पावसात भिजतो आणि पूर्वेला कोरडा पडतो. पश्चिमेच्या डोंगरात ओल आणि गारठा, म्हणून पांघरूण जाड हवे. पूर्वेकडे अंथरायला अधिक लागते. मधल्या पट्ट्यात, चाकणला, गेल्या तीसेक वर्षांत कारखाने उभे राहिले. जिथे कांद्याचा बाजार प्रसिद्ध होता तिथे मोटारी तयार होऊ लागल्या. घरात पगार आला, पगाराबरोबर दुकानातले ब्लँकेट आले. त्याहून मोठा बदल लुगड्यात झाला. सुती नऊवारी गेली, कृत्रिम धाग्याची साडी आली. ती लवकर विरत नाही, विरली तरी मऊ होत नाही, घाम शोषत नाही; तिच्या थरांवरून थर घसरतो. गोधडीचे कौशल्य नाहीसे झाले असे लोक म्हणतात. मला वाटते, आधी तिचे कापड नाहीसे झाले.

तरी गोधडी राहिली, आणि दोन रूपांत राहिली. एक रूप रस्त्याच्या कडेला किंवा घराच्या ओसरीवर शिवणयंत्र घेऊन बसलेल्यांचे : 'येथे गोधडी शिवून मिळेल'. तेथे लोक घरातल्या जुन्या साड्या घेऊन जातात; कारागीर यंत्राने आडव्या-उभ्या टिपा मारून गोधडी करून देतो. दुसरे रूप दिवाळीच्या पिशवीतले : नवे छापील सुती कापड आणायचे, त्याचे चौकोन कापायचे, आणि ते पुन्हा जोडून हाताने टाके घालायचे. पहिल्याला आपण कमी लेखतो, कारण ते यंत्राचे. दुसऱ्याला अधिक पैसे मोजतो, कारण ते हाताचे. माझा निवाडा उलटा आहे. ओसरीवरच्या त्या यंत्राच्या गोधडीत ओळख शाबूत आहे : साडी आईची आहे, आणि घरातली मुले तो तुकडा ओळखतात. टीप यंत्राची असल्याने तिचा काहीएक गुण कमी होतो हे खरे. एकसारखी ताठ टीप कापडाला हाताच्या धावदोऱ्यासारखी लाट देत नाही. पण गोधडीचा जो गुण कुठल्याही बाजारात मिळत नाही, तो तिच्यात आहे.

मग दिवाळीच्या पिशवीतली गोधडी टाकाऊ का? मुळीच नाही. मात्र तिला आपल्या पायांवर उभे राहिले पाहिजे. नव्या कापडाला आठवण नाही, तेव्हा तिने आठवणीचे भांडवल करू नये. तिच्याजवळ रंग निवडण्याचे स्वातंत्र्य आहे. जुन्या शिवणारीला जो तुटवडा होता तो तिला नाही. म्हणून तिच्याकडे मर्ढेकरांच्या कसोटीनेच आणि अधिक कठोरपणे पाहावे. लाल कुठेही मिळत असताना लाल चुकीच्या जागी पडला तर त्याला क्षमा नाही. मध्यावर झोळ आहे का, मागचा टाका सारखा आहे का, काठ दुमडून गोट नीट लावला आहे का, हे सगळे पाहावे. आणि 'आजीच्या हातची' असे लिहिलेले असेल तर विचारावे : कुठल्या आजीच्या? तिला एका गोधडीमागे काय मिळाले? तिचे नाव काय?

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुईने बायकांना पोट भरता यावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी शिवणाच्या वर्गाला जागा दिली, ती शिवण हा बायकांच्या मनाचा विरंगुळा म्हणून नव्हे, मिळकत म्हणून. त्यांना जे तेव्हा उमगले ते आपल्या गोधडीप्रेमी लेखकांना आज उमगलेले नाही. माया अनमोल आहे असे म्हटले की तिचे मोल द्यावे लागत नाही, ही त्या स्तुतीची सोय आहे. घरातल्या बाईने घरासाठी शिवले तेव्हा कोणी मोल विचारले नाही. आता तीच बाई दुसऱ्याच्या दिवाळीसाठी तासांवर तास टाके घालते, तेव्हाही आपण जुनीच भाषा वापरली तर आपण तिची मजुरी शब्दांत बुडवतो. ज्या कवीचे नाव कवितेखाली छापतो, ज्या चित्रकाराची सही चित्राच्या कोपऱ्यात शोधतो, त्याच न्यायाने गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव चार टाक्यांनी घालायला हरकत काय? मानदासुंदरीने ते केव्हाच करून दाखवले आहे.

राहता राहिली भेट घेणाऱ्याची जबाबदारी. चांगल्या गोधडीचा सर्वांत मोठा अपमान म्हणजे तिला कपाटात जपून ठेवणे. ती धुतल्यावाचून आक्रसत नाही, वापरल्यावाचून मऊ होत नाही. पाच वर्षे पांघरल्यावर ती विकत घेतली त्या दिवसापेक्षा चांगली दिसली पाहिजे, आणि नव्या कापडाच्या गोधडीलाही ओळख मिळण्याचा तोच एक रस्ता आहे. बाळाच्या अंगावरचे दुपटे त्याच्या बहिणीला आले, तिच्याकडून पुढे गेले, की त्या छापील चौकोनांनाही घर मिळते. तेव्हा ह्या दिवाळीत गोधडी देणाऱ्याने ती पसरून, उलटून, मध्य पाहून, नाव विचारून, योग्य दाम मोजून घ्यावी. आणि घेणाऱ्याने त्याच रात्री ती अंगावर घ्यावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. आपण ते पायांपुरते ऐकले. अंथरूणही पाहावे, असा त्या म्हणीचा अर्धा भाग अजून करायचा राहिला आहे.